इंजिन गार्ड निवडताना आणि बसवताना

मोटरसायकलला बाहेरून जोडल्या जाणाऱ्या भागांमध्ये इंजिन गार्ड, म्हणजे इंजिनाच्या पुढे दोन्ही बाजूंना बाहेर येणारी धातूची वाकवलेली नळी, सर्वात साधा दिसतो, आणि म्हणूनच तो घेताना फारसा विचार होत नाही. दुकानात टांगलेल्या गार्डांपैकी जो डोळ्यांत भरतो तो खाली उतरवला जातो, दुकानाबाहेर बसलेला मुलगा दहा मिनिटांत तो आवळून देतो आणि विषय तिथे संपतो. क्रोम किती चकचकीत आहे हे ग्राहक निरखून पाहतो. गार्ड गाडीला नेमका कुठे आणि कोणत्या बोल्टने पकडला जाणार आहे, हे मात्र सहसा विचारत नाही. गार्डचे बरेवाईट याच ठिकाणी ठरते. त्यामुळे पुढे नळीपेक्षा पकडीविषयी अधिक लिहिले आहे.

नाशिकच्या रविवार कारंजा किंवा मेन रोडच्या गर्दीत उभी केलेली गाडी शेजारच्या गाडीच्या धक्क्याने आडवी होते, पावसाळ्यात चिखलावर पाय सरकून ती हातातून सुटते, किंवा वळताना रस्त्यावरच्या वाळूने पुढचे चाक घसरते. इंजिन गार्डचे खरे काम अशाच प्रसंगी लागते. गाडी आडवी पडली की हँडल आणि फूटरेस्ट यांच्या जोडीने इंजिनाचा बाहेर आलेला भाग जमिनीवर आदळतो. बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला मॅग्नेट कव्हर आणि उजव्या बाजूला क्लच कव्हर असते. दोन्ही ॲल्युमिनियमची ओतीव असल्यामुळे मार बसला की ती वाकत नाहीत, तडकतात. ऑइल गळू लागते आणि गाडी ढकलत न्यावी लागते. गिअर लिव्हर आत दुमडणे, ब्रेक पेडल वाकणे, लिक्विड कूल्ड गाडीत रेडिएटर चेपणे हे नुकसानही चांगला गार्ड बऱ्याच अंशी टाळतो. स्प्लेंडरसारखी गाडी ११० किलोच्या आसपास भरते, तर रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० सुमारे १९५ किलोची आहे. त्यामुळे एकीवर पुरेसा ठरणारा गार्ड दुसरीवर पुरेल असे मानता येत नाही.

पायांच्या बाबतीत मात्र अपेक्षा आवरती घ्यावी. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिस परिसरातील ९०० मोटरसायकल अपघातांचा प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन अभ्यास झाला आणि १९८१ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. क्रॅश बारमुळे, म्हणजे अशाच गार्डमुळे, घोटा आणि पाऊल यांच्या दुखापतींत जी घट होते, ती मांडी, गुडघा आणि नडगी यांच्या वाढलेल्या दुखापतींनी भरून निघते, असे त्या अहवालात नोंदवले आहे. अभ्यास जुना आणि परदेशी रस्त्यांवरचा असला, तरी त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे: धडकेच्या क्षणी पाय गार्डच्या आड नीट बसून राहत नाही, तो उसळतो आणि बऱ्याचदा गार्डवरच आपटतो. महामार्गावर पाय मोकळे करण्यासाठी ते गार्डवर टाकून चालवण्याची सवय तर पूर्णपणे सोडावी, कारण त्या अवस्थेत मागचा ब्रेक आणि गिअर दोन्ही पायांच्या आवाक्याबाहेर जातात.

कायद्याची बाजू थोडक्यात पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा फेरफार वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने वाहनांवरील क्रॅश गार्ड आणि बुल बार यांच्यावर कारवाई करण्याविषयी राज्यांना पत्र पाठवले होते. त्यानंतरची चर्चा प्रामुख्याने चारचाकींच्या पुढच्या लोखंडी कठड्यांभोवती फिरली. दुचाकींचे अनेक उत्पादक इंजिन गार्ड स्वतःच अधिकृत ॲक्सेसरी म्हणून विकतात. त्यामुळे शक्य असेल तेथे कंपनीचाच गार्ड घ्यावा, त्याचे पक्के बिल जपून ठेवावे आणि गाडीच्या रुंदीबाहेर जाणारे, टोकदार किंवा शिंगे काढलेले प्रकार टाळावेत. दुकानदार पुष्कळदा लेग गार्ड (इंजिन गार्डचेच दुकानातले नाव) आणि साडी गार्ड अशी जोडी एकत्र देतात. त्यांतला साडी गार्ड हा निराळा विषय आहे. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ नुसार मागच्या चाकावर संरक्षण देणे उत्पादकाला बंधनकारक आहे, तेव्हा तो काढून ठेवू नये.

निवड: आधी पकड, मग नळी

गार्ड गाडीला साधारणपणे तीन प्रकारे धरला जातो. पहिल्या प्रकारात इंजिन ज्या बोल्टांनी चेसिसला बसवलेले असते, त्याच बोल्टांवर गार्डच्या पट्ट्या येतात. दुसऱ्यात चेसिसच्या पुढच्या उभ्या नळीला यू क्लॅम्प किंवा दोन पाकळ्यांचा क्लॅम्प आवळलेला असतो. तिसऱ्यात वर क्लॅम्प आणि खाली इंजिन बोल्ट अशी दोन्हींची जोड असते, आणि प्रवासी वापराच्या साध्या गाड्यांसाठी हाच प्रकार सर्वात भरवशाचा आहे. केवळ एका क्लॅम्पवर लटकणारा गार्ड शक्यतो घेऊच नये. गाडी पडल्यावर जोर गार्डच्या बाहेरच्या टोकावर येतो आणि ते टोक पकडीपासून वीतभर लांब असल्यामुळे तरफेचा नियम लागू होतो. एकुलता क्लॅम्प नळीवर गोल फिरतो आणि ज्या कव्हरला वाचवायचे, त्याच्यावरच गार्ड जाऊन बसतो. दुकानात गार्ड हातात घेतल्यावर त्याला किती पकडी आहेत आणि वरची व खालची पकड यांत किती अंतर आहे, हे पाहावे. अंतर जितके जास्त, तितका गार्ड कमी हलतो.

ज्या गाड्यांना पुढची उभी नळीच नसते आणि इंजिन स्वतःच चेसिसचा भार उचलते, त्यांच्या बाबतीत अधिक सावध राहावे लागते. तेथे गार्डचा सगळा मार इंजिनाच्या ॲल्युमिनियमच्या कानांवर, म्हणजे बोल्टसाठी भोक असलेल्या बाहेर आलेल्या भागांवर, जातो, आणि कान तुटला तर इंजिनाचे बाहेरचे कवचच बदलण्याची वेळ येते. अशा गाडीसाठी कंपनीने त्याच मॉडेलकरिता बनवलेला गार्ड किंवा नायलॉनचे गोळे असलेले फ्रेम स्लायडर घ्यावेत. ‘सगळ्या गाड्यांना चालतो’ असे सांगून विकला जाणारा गार्ड या गाड्यांवर तर नकोच, आणि स्पष्ट सांगायचे तर इतर गाड्यांवरही नको.

गार्ड जितका दणकट तितका चांगला, हा समजही तपासून घेण्यासारखा आहे. मार बसल्यावर आधी गार्ड वाकला पाहिजे आणि चेसिस जशीच्या तशी राहिली पाहिजे. भरीव सळईचा किंवा अतिजाड नळीचा गार्ड स्वतः वाकत नाही. तो सगळा धक्का बोल्टांच्या वाटेने चेसिसच्या कानापर्यंत पोहोचवतो. वाकलेला गार्ड बदलता येतो, पण वाकलेली चेसिस सरळ करून घेणे महागही पडते आणि गाडी पुन्हा पूर्वीसारखी सरळ चालेल याची शाश्वती नसते.

नळीचा बाहेरचा व्यास २२ ते २५ मिलिमीटर आणि भिंतीची जाडी दीड ते दोन मिलिमीटर हे बहुतेक गाड्यांना योग्य प्रमाण आहे. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशन करणारे हीच जाडी गेजमध्ये सांगतात: १४ गेज म्हणजे सुमारे २ मिलिमीटर, १६ गेज म्हणजे सुमारे १.६ आणि १८ गेज म्हणजे जेमतेम १.२. यांतला १८ गेज जड गाडीसाठी अपुरा आहे. गार्डच्या टोकावरचे प्लॅस्टिकचे टोपण काढले की भिंत उघडी दिसते. तेथे व्हर्निअर (जाडी मोजण्याचे साधन) लावून पाहण्यास दुकानदाराने हरकत घेण्याचे कारण नाही. टोपणच नसेल आणि नळीचे तोंड उघडे व धारदार असेल, तर तो गार्ड बाजूला ठेवावा.

धातूच्या बाबतीत सर्वाधिक घोळ स्टेनलेस स्टीलचा होतो. चुंबक चिकटत नाही म्हणून माल अस्सल, असे दुकानात छातीठोकपणे सांगितले जाते. चुंबकाने क्रोम चढवलेले साधे लोखंड ओळखू येते, एवढे खरे. परंतु २०२ आणि ३०४ या दोन्ही दर्जांच्या स्टेनलेसला चुंबक जवळजवळ चिकटत नाही, आणि गंज रोखण्यात ३०४ हा २०२ पेक्षा बराच सरस असतो. त्यामुळे चुंबकाची परीक्षा या दोघांत फरक करू शकत नाही. दर्जा बिलावर लिहून घ्यावा. साध्या लोखंडाचा, नीट पावडर कोटिंग केलेला गार्डही उत्तम काम देतो आणि चेपण्यापूर्वी तडकत नाही. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर या भागांत ज्यांची रोजची ये-जा आहे त्यांनी गार्डच्या सर्वात खालच्या वळणावर पाणी निथळण्यासाठी बारीक भोक आहे का, तेवढे पाहावे. ते नसेल तर नळीत शिरलेले पावसाचे पाणी तिथेच साचते आणि बाहेरचा रंग शाबूत असताना गार्ड आतून कुजतो.

वेल्डिंग तपासताना डोळ्यांइतकाच नखाचा उपयोग होतो. नळी आणि पट्टी जिथे मिळतात तिथे सांध्यावरून नख पूर्ण फिरवावे. सलग उंचवटा लागला तर वेल्ड पूर्ण आहे, मध्येच नख खाचेत अडले तर केवळ टिपके मारून वर रंग दिलेला आहे. नळीच्या वळणाच्या आतल्या बाजूस सुरकुत्या किंवा चपटेपणा नसावा, कारण नळी पहिल्यांदा तिथेच मोडते. पकडीच्या पट्ट्या चार ते पाच मिलिमीटर जाड असाव्यात.

आता मापे. गार्ड हँडलच्या टोकांपेक्षा रुंद असू नये, नाहीतर जिथून हँडल निघाले तिथे गार्ड अडकतो. द्वारका चौकाच्या वाहतुकीत याचा अनुभव लगेच येतो. वळणावर गाडी झुकवल्यानंतर गार्ड रस्त्याला घासणार नाही, याची खात्री दोऱ्याने करता येते. गाडी सरळ उभी करून टायर जमिनीला टेकतो तिथून फूटरेस्टच्या बाहेरच्या टोकापर्यंत दोरा ताणावा आणि गाडीच्या समोर, बऱ्याच अंतरावर खाली बसून पाहावे. गार्डचा कोणताही भाग दोऱ्याच्या रेषेबाहेर दिसत असेल, तर सप्तशृंगी गडाच्या घाटासारख्या वळणांवर फूटरेस्टच्या आधी गार्ड रस्त्याला लागेल. फूटरेस्ट दुमडतो, गार्ड दुमडत नाही; तो टेकला की चाक जमिनीवरून उचलले जाते. याशिवाय गार्ड आणि इंजिनाचे कव्हर यांच्यात दोन-तीन बोटांची जागा असावी, म्हणजे गार्ड थोडा आत वाकला तरी कव्हरला लागत नाही.

मनाजोगा गार्ड मिळाला नाही म्हणून फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यायचा असेल, तर कंपनीच्या गार्डच्या पकडीची मापे घेऊनच बनवावा आणि तो बोल्टनेच बसणारा असावा. चेसिसवर थेट वेल्डिंग किंवा ड्रिलिंग करण्याचा प्रस्ताव आला तर तिथून गाडी घेऊन परत यावे.

बसवण्याची रीत

हत्यारे फार लागत नाहीत: १२, १४ आणि १७ नंबरचे रिंग पाने व गोटी पाने, शक्य असल्यास टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), एक छोटा जॅक, लाकडी फळी, तारेचा ब्रश, निळा थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ नये म्हणून आट्यांना लावायचा द्रव) आणि नवे नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज सैल न होणारे). इंजिन पूर्ण थंड झालेले असावे, कारण हात सतत सायलेन्सरच्या बेंड पाइपजवळ जातो. गाडी सपाट जागी डबल स्टँडवर घ्यावी. डबल स्टँड नसेल तर दुसऱ्या माणसाने ती सरळ धरून ठेवावी. गार्डची पकड इंजिनाच्या बोल्टवर येणार असेल, तर फळी ठेवून जॅक इंजिनाखाली फक्त टेकेल इतकाच वर घ्यावा. इंजिन उचलायचे नाही, खाली बसू द्यायचे नाही, एवढाच त्याचा हेतू आहे.

सुटे भाग उघडल्यावर सर्वप्रथम बोल्ट पाहावेत. चांगल्या बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा मजबुतीचा आकडा उठवलेला असतो. काहीही न लिहिलेला बोल्ट इंजिनाच्या पकडीत वापरू नये, मग तो गार्डच्या खोक्यातूनच का आलेला असेना. गार्डच्या पट्टीची जाडी वाढल्यामुळे जुना बोल्ट पुष्कळदा आखूड पडतो. नट पूर्ण बसल्यावर त्यापुढे दोन-तीन आटे दिसले पाहिजेत, अन्यथा लांब बोल्ट आणावा.

इंजिनाचे सगळे बोल्ट एकाच वेळी काढू नयेत. एक काढावा, त्या जागी गार्डची पट्टी घेऊन नवा बोल्ट घालावा आणि मगच दुसऱ्याला हात लावावा. आरपार जाणारा लांब बोल्ट असेल तर तो ओढून काढण्याऐवजी नव्या बोल्टच्या टोकाने मागून ढकलत बाहेर काढावा. जुना एका बाजूने निघतो तोवर नवा दुसऱ्या बाजूने जागेवर आलेला असतो आणि इंजिन तसूभरही हलत नाही. एवढी काळजी घेतली नाही, तर भोके पुन्हा जुळवण्यात अर्धा दिवस जातो.

क्लॅम्प येणार असेल ती चेसिसची जागा आधी पुसून कोरडी करावी. रंगावर ओरखडे पडू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचे जाड तुकडे घालण्याची पद्धत आहे. ती गैरसोयीची ठरते, कारण रबर काही दिवसांत दबते आणि क्लॅम्प सैल होतो. अगदी पातळ रबर पुरते. क्लॅम्पखाली क्लच केबल, हॉर्नची वायर किंवा वायरिंगचा जुडगा चेपला जात नाही ना, हे बोट घालून पाहावे. ही चूक दिसत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात शॉर्ट झाल्यावरच लक्षात येते.

सगळे बोल्ट आधी हातानेच, सैल बसवावेत. गार्ड दोन्ही बाजूंनी सारखा आहे हे जमिनीपासूनची उंची मोजून ताडावे आणि मग प्रत्येक बोल्ट थोडा थोडा, आलटून-पालटून आवळावा. एका बाजूचे बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरी बाजू ओढून जुळवली, तर गार्ड ताणाखाली राहतो आणि असा गार्ड कंपनांनी एक तर आवाज करतो किंवा वेल्डच्या कडेला तडकतो. भोक मिलिमीटरभर सरकलेले असेल तर गार्डच्या पट्टीतले भोक गोल कानशीने वाढवावे. पट्टी आणि चेसिस यांच्यात फट राहत असेल, तर वॉशरांची चळत रचून ती भरू नये. लेथवर त्या मापाचा एक बुश, म्हणजे फट भरणारी धातूची कडी, बनवून घ्यावा. नाशिकसारख्या कारखानदारीच्या शहरात हे काम करून देणारा शोधावा लागत नाही.

बोल्ट किती आवळायचा, हे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेले असते आणि तोच आकडा प्रमाण मानावा. तो हाती नसेल तर ८.८ दर्जाच्या कोरड्या बोल्टसाठी सर्वसाधारण अंदाज असा: ८ मिलिमीटरच्या बोल्टला २२ ते २५ न्यूटन-मीटर आणि १० मिलिमीटरच्या बोल्टला ४५ ते ५०. टॉर्क रेंच नसणाऱ्यांसाठी सांगायचे तर, २५ सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला सुमारे १० किलोचा जोर दिला की साधारण २५ न्यूटन-मीटर भरतात. पान्यात पाइप घालून लांबी वाढवून आवळणे हे हमखास बोल्ट मोडण्याचे किंवा आटे जाण्याचे लक्षण आहे. बोल्ट ॲल्युमिनियमच्या आट्यांत जात असेल, तर आणखी हलक्या हाताने आवळावे. थ्रेडलॉकर निळाच वापरावा, कारण लाल लावलेला बोल्ट पुढे गरम केल्याशिवाय सुटत नाही. आणि जिथे नायलॉक नट आहे तिथे थ्रेडलॉकर मुळीच लावू नये.

बसवून झाल्यावर हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहावे. पुढचा ब्रेक दाबून शॉकअप जोराने खाली दाबावेत आणि टायर व मडगार्ड गार्डच्या आडव्या नळीच्या किती जवळ येतात ते पाहावे. हाताने शॉकअप पूर्ण दबत नाहीत, खड्ड्यात ते याहून बरेच खाली जातात, म्हणून येथे भरपूर अंतर शिल्लक दिसले पाहिजे. बेंड पाइपपासून गार्ड निदान करंगळी जाईल इतका दूर असावा. गिअर लिव्हर आणि ब्रेक पेडल बूट घालून चालवून पाहावे, कारण चप्पल घातलेला पाय जिथून जातो तिथे बुटाची टोच अडते. ऑइलचा ड्रेन बोल्ट आणि ऑइल फिल्टरचे झाकण गार्ड न काढता उघडता येते ना, हेही आत्ताच पाहिलेले बरे. एरवी प्रत्येक सर्व्हिसिंगला गार्ड खोलावा लागेल.

शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या पट्टीवर जाईल अशी ऑइल पेंटची एक सरळ रेघ ओढावी. बोल्ट सैल होऊ लागला की रेघ तुटलेली दिसते आणि पाना न लावताच ते कळते. पहिली तपासणी १०० किलोमीटरच्या आत करावी. त्र्यंबकेश्वरला जाऊन परत आल्यावर, गाडी थंड झाली की, पाना लावून पाहणे सोयीचे पडते. त्यानंतर प्रत्येक सर्व्हिसिंगला एकदा पुरे. ठरावीक वेगाला गार्डमधून गुणगुण ऐकू येऊ लागली, तर एखादी पकड सैल आहे किंवा गार्ड ताणाखाली बसला आहे असे समजावे.

गार्डवर काय बांधू नये, हेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे तो सामान ठेवण्याचा कठडा झालेला आहे. एअर कूल्ड इंजिनाला समोरून येणारी हवाच थंड ठेवते. तिच्या वाटेत पिशवी, रेनकोट किंवा पावसाचे पाणी अडवण्यासाठी फ्लेक्सचा तुकडा बांधला, की घाटात इंजिन तापते. जादा दिवे लावायचे असतील तर ते कमी प्रखर आणि खाली झुकलेले असावेत, वायर मूळ वायरिंगला तोडजोड न करता रिले आणि फ्यूजमधून घ्यावी. मूळ वायरिंग कापले तर वॉरंटीचा वाद हमखास उद्भवतो.

गाडी पडून गार्ड वाकला, तर तो तापवून किंवा ठोकून सरळ करून पुन्हा लावू नये. एकदा वाकलेली नळी दुसऱ्या वेळी त्याच जागी फार लवकर दुमडते. वाकलेला गार्ड खोलल्यावर नवा घेण्याआधी चेसिसच्या ज्या कानांवर तो होता तिथला रंग फुटला आहे का, भोक लांबट झाले आहे का आणि इंजिनाच्या कानाला केसभर चीर आहे का, हे उजेडात नीट पाहावे. शंका वाटल्यास पेट्रोलने जागा पुसून कोरडी करावी. चिरेत शिरलेले पेट्रोल उशिरा वाळते आणि ओलसर रेघ उमटते. हे मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना आणि ठिणगीपासून लांब करावे. बाहेरून बसवलेल्या गार्डची नोंद विमा कंपनीकडे स्वतंत्रपणे केलेली नसेल, तर नुकसानभरपाईत त्याची किंमत सहसा धरली जात नाही. म्हणून पॉलिसीच्या नूतनीकरणाच्या वेळी बिलासह ती नोंद करून घ्यावी.